पंडिता रमाबाई : अबोल वेदनेची साक्ष

ऑक्टोबर महिना उजाडला, की पहाटेच्या वेळी शहरांतल्या रस्त्यांवरून गुलाबी टी-शर्ट घातलेल्या स्त्रियांचे जथे धावताना दिसू लागतात. स्तनांच्या कर्करोगाविषयी जागृती व्हावी, हा या धावण्यामागचा हेतू. त्यांत महाविद्यालयीन मुली असतात, साठी ओलांडलेल्या गृहिणी असतात आणि याच आजाराचे उपचार घेऊन पुन्हा उभ्या राहिलेल्या स्त्रियाही असतात. २०१२ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या 'पिंकेथॉन'सारख्या उपक्रमांनी ही कल्पना अनेक शहरांत नेली. या दौडीत कोण पहिली आली, याला फारसे महत्त्व नसते. ज्या अवयवाचे नाव घरातही हळू आवाजात घेतले जाते, त्याच्या आजाराविषयी भर रस्त्यात बोलायचे, हेच तिचे खरे काम.

आजार अंगावर काढायचा, पुरुष डॉक्टरपुढे तोंड उघडायचे नाही, दुखणे असह्य झाले म्हणजेच घरच्यांना सांगायचे, हा संकोच आपल्याकडे जुना आहे. या संकोचापायी स्त्रिया मरतात, हे सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी पुण्यात एका चोवीस वर्षांच्या विधवेने सरकारी आयोगापुढे स्पष्टपणे सांगितले होते. पुढे तिने स्वतः डॉक्टर व्हायचे ठरवले. परंतु तिच्याच शरीराने तिला साथ दिली नाही. तिला ऐकू येईनासे झाले होते. त्या बाईंचे नाव पंडिता रमाबाई. पुणे-दौंड लोहमार्गावर यवत आणि पाटस यांच्या दरम्यान केडगाव हे स्थानक लागते. दौंड तालुक्यातल्या या गावी त्यांच्या आयुष्याचा अखेरचा आणि सर्वांत मोठ्या कामाचा कालखंड गेला. रमाबाईंचे चरित्र धर्मांतराच्या वादाभोवती अनेकदा सांगितले जाते. स्त्रीच्या शरीराविषयी आणि तिच्या दुखण्याविषयी त्या काय म्हणत होत्या, याकडे मात्र पुरेसे लक्ष जात नाही.

पायी तुडवलेला देश

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळच्या अरण्यात झाला. हा भाग आज कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे विद्वान. विद्यार्थी म्हणून पुण्यात असताना पेशव्यांच्या घरातील स्त्रीला संस्कृत शिकवले जाते हे त्यांनी पाहिले होते. आपल्या पत्नीलाही शिकवावे, असे त्यांनी तेव्हाच मनाशी ठरवले. भोवतालच्या समाजाला हे रुचले नाही. त्या विरोधामुळे शास्त्रीबुवांनी गाव सोडून अरण्यात आश्रम थाटला आणि पत्नी लक्ष्मीबाईंना विद्या दिली. पुढे त्या माउलीनेच धाकट्या रमेला संस्कृत शिकवले. भागवताचे हजारो श्लोक त्या मुलीला लहानपणीच मुखोद्गत झाले.

आश्रम फार काळ टिकला नाही. कुटुंबावर कर्ज झाले आणि पुराण सांगत तीर्थयात्रा करणे हेच उपजीविकेचे साधन उरले. पुढे मद्रास इलाख्यात दुष्काळाने गाठले. उपासमारीने आधी वडील गेले, मग आई आणि त्यांच्या मागोमाग थोरली बहीण. उरले ते रमाबाई आणि त्यांचे भाऊ श्रीनिवास. ही दोन भावंडे दक्षिणेकडून निघून पायी चालत पार काश्मीरपर्यंत गेली. अंगावर पुरेसे वस्त्र नाही, पोटात अन्न नाही. झेलम नदीच्या काठी थंडीपासून बचाव व्हावा म्हणून वाळूत खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून त्यांनी एक रात्र काढली होती. पुढील आयुष्यात दुष्काळग्रस्त मुलींना पाहून रमाबाई इतक्या व्याकूळ का होत, याचे उत्तर या प्रवासात सापडते.

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंच्या विद्वत्तेची परीक्षा घेतली आणि त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या देऊन गौरविले. वीस वर्षांच्या तरुण मुलीचा असा सत्कार होणे ही त्या काळी देशभर चर्चेची बाब ठरली. मात्र सुखाचे दिवस थोडेच होते. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी रमाबाईंनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. हा विवाह आंतरजातीय आणि आंतरप्रांतीय होता. १८८१ च्या एप्रिलमध्ये मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा. ती दहा महिन्यांचीही झाली नव्हती, तोच फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीचा मृत्यू झाला. वयाच्या चोविसाव्या वर्षी आई, वडील, बहीण, भाऊ आणि पती असे सारे गमावलेल्या रमाबाई तान्ह्या मुलीला घेऊन पुण्यास आल्या.

हंटर आयोगापुढे

पुण्यातील सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. रमाबाईंनी 'आर्य महिला समाज' स्थापन केला, 'स्त्रीधर्मनीति' हे मराठी पुस्तक लिहिले आणि घरोघरच्या स्त्रियांना एकत्र आणण्यास सुरुवात केली. त्याच सुमारास, सप्टेंबर १८८२ मध्ये, डब्ल्यू. डब्ल्यू. हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोग पुण्यास आला. रमाबाईंनी त्याच्यापुढे मराठीतून साक्ष दिली.

आयोगाचा विषय शिक्षण हा होता. मुलींच्या शाळांसाठी शिक्षिका तयार व्हाव्यात, त्यांना पुरेसे वेतन मिळावे, तपासणीस स्त्रियाच असाव्यात, असे मुद्दे रमाबाईंनी मांडले. परंतु त्या तेथे थांबल्या नाहीत. मुलींना वैद्यकीय शिक्षणाचा मार्ग मोकळा करून द्यावा, अशी मागणीही त्यांनी केली. त्यामागचा युक्तिवाद अगदी साधा होता. या देशातील स्त्रिया आपले दुखणे परपुरुषापुढे सांगत नाहीत, मग तो डॉक्टर का असेना. त्या ते आतल्या आत सोसतात. डॉक्टर स्त्रिया नसल्यामुळे असंख्य बायका अकाली मरतात आणि हे मरण टाळता येण्यासारखे आहे.

ही साक्ष हंटर यांना इतकी महत्त्वाची वाटली, की तिचे इंग्रजी भाषांतर करवून त्यांनी ते स्वतंत्रपणे छापून घेतले. या विचारांची दखल इंग्लंडमध्येही घेतली गेली. १८८५ मध्ये हिंदुस्थानातील स्त्रियांना स्त्रियांकडूनच वैद्यकीय मदत मिळावी यासाठी लेडी डफरिन यांच्या नावाने निधी उभा राहिला. त्याच्या पार्श्वभूमीत रमाबाईंच्या साक्षीचाही वाटा होता, असे अनेक अभ्यासक मानतात. मुंबईत याच काळात डॉक्टर स्त्रियांसाठी लोकवर्गणी गोळा झाली, डॉ. एडिथ पीची इंग्लंडहून आल्या आणि १८८६ मध्ये केवळ स्त्रिया व मुलांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले.

त्या साक्षीतील एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. रमाबाईंनी आजाराचा विचार केवळ औषधाच्या अंगाने केला नाही. रोग आणि उपचार यांच्यामध्ये लाज नावाची एक भिंत उभी आहे आणि ती आधी ओलांडावी लागेल, हे त्यांनी ओळखले.

दार बंद झाले तेव्हा

दुसऱ्यांना सांगून मोकळे होणे हा रमाबाईंचा स्वभाव नव्हता. आपणच वैद्यकीय शिक्षण घ्यावे, असे त्यांनी ठरवले. 'स्त्रीधर्मनीति'च्या विक्रीतून आलेला पैसा प्रवासखर्चाला कामी आला आणि १८८३ मध्ये दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्यांची राहण्याची सोय झाली होती. तेथे असतानाच त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. पुण्यातील त्यांच्या अनेक चाहत्यांना हा मोठा धक्का होता.

याच काळात त्यांच्यापुढे वेगळेच संकट उभे राहिले. त्यांना ऐकू कमी येत होते आणि ते आणखी कमी होत चालले होते. व्याख्याने ऐकायची, रुग्णाची हकीकत ऐकायची, छातीला नळी लावून हृदयाचे आणि श्वासाचे सूक्ष्म आवाज टिपायचे. डॉक्टरीचा अभ्यास कानांवाचून कसा व्हावा? ज्या कामासाठी समुद्र ओलांडला, ते काम आता होणार नाही, हे त्यांना स्वीकारावे लागले. त्याच सुमारास त्यांच्यासोबत इंग्लंडला आलेल्या आनंदीबाई भगत या मैत्रिणीने आत्महत्या केली. परका देश, नवा धर्म, मायदेशातून येणारी टीका, मैत्रिणीचा मृत्यू आणि त्यात स्वतःच्या शरीराने दिलेला नकार, असा तो काळ होता.

रमाबाई परत फिरल्या नाहीत. चेल्टनहॅमच्या प्रसिद्ध महिला महाविद्यालयात त्यांनी संस्कृत शिकवले आणि स्वतः इतर विषयांचे शिक्षण घेतले. आपण डॉक्टर होऊ शकत नसलो, तरी स्वतःच्या पायांवर उभ्या राहणाऱ्या स्त्रिया घडवू शकतो, ही दिशा तेथे पक्की होत गेली.

फिलाडेल्फियाचा तो दिवस

जे रमाबाईंना जमले नाही, ते त्यांच्या नात्यातल्याच एका मुलीने करून दाखवले. आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत दगावला. त्या दुःखातून वैद्यकीय शिक्षणाचा ध्यास घेऊन आनंदीबाई १८८३ मध्ये अमेरिकेत गेल्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना पदवी मिळाली. त्या समारंभासाठी रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून गेल्या होत्या. डॉक्टर होण्याचे स्वप्न सोडावे लागलेली एक मराठी स्त्री समोर बसून दुसरीला डॉक्टर होताना पाहत होती. त्या क्षणी रमाबाईंच्या मनात काय आले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

आनंदीबाईंनाही प्रकृतीने साथ दिली नाही. कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्री-विभागाची जबाबदारी त्यांना देऊ करण्यात आली होती. मात्र क्षयाने पोखरलेल्या अवस्थेत त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांना बावीसही पुरी नव्हती. याच वर्षी रमाबाईंचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील इंग्रजी पुस्तक अमेरिकेत प्रसिद्ध झाले. आनंदीबाईंच्या महाविद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचल बॉडली यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. रमाबाईंनी अमेरिकेत गावोगावी व्याख्याने दिली, बालशिक्षणाच्या नव्या पद्धती अभ्यासल्या. वर्षअखेरीस बोस्टनमध्ये त्यांच्या नावाने एक मंडळ स्थापन झाले. विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षे आर्थिक मदत देण्याचे त्याने मान्य केले.

ऐकू कमी येणाऱ्या बाईने परक्या देशात, परक्या भाषेत शेकडो माणसांपुढे उभे राहून बोलायचे, प्रश्नांना उत्तरे द्यायची, ही किती कठीण गोष्ट असेल! रमाबाईंनी मात्र आपल्या या व्यंगाचे भांडवल केले नाही किंवा ते लपवलेही नाही.

शारदा सदन ते केडगाव

११ मार्च १८८९ रोजी, म्हणजे आनंदीबाईंच्या पदवीदानाला बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी, मुंबईत 'शारदा सदन' सुरू झाले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई ही बालविधवा होती. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला आणि आनंदीबाई कर्वे म्हणून ती महाराष्ट्राला परिचित झाली. १८९० च्या अखेरीस सदन पुण्यात आले. मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, या आरोपावरून १८९३ मध्ये मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. अनेक पालकांनी मुली परत नेल्या. या प्रकरणातील दोन्ही बाजूंविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि मतभेद अजून मिटलेले नाहीत.

अमेरिकेतील मदत दहा वर्षांचीच होती. ती संपल्यावर संस्था स्वतःच्या उत्पन्नावर चालावी, या दूरदृष्टीने रमाबाईंनी केडगाव येथे जमीन घेतली. भीमेच्या दक्षिणेकडील हा मुलूख तेव्हा अवर्षणाचा आणि उजाड माळाचा होता. तेथे विहिरी खोदल्या गेल्या, फळझाडे लावली गेली. ही शेती पुढे कोणासाठी उपयोगी पडणार आहे, याची कल्पना त्या वेळी कोणालाच नव्हती.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. स्वतःच्या आईवडिलांना त्यांनी भुकेने मरताना पाहिले होते. त्यांनी तीनशेच्या आसपास मुली व तरुण स्त्रिया सोबत आणल्या. त्यांतल्या अनेकींची हाडे तेवढी उरली होती. त्याच वेळी पुण्यात प्लेगची साथ सुरू झाली होती. इतक्या आजारी मुलींना शहरात ठेवण्यास परवानगी मिळेना, तेव्हा त्यांना केडगावच्या शेतावर हलवण्यात आले. माळावर तात्पुरत्या छपरांखाली सुरू झालेली ही वसाहत 'मुक्ती' या नावाने ओळखली जाऊ लागली. १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरात आणि राजपुतान्यातूनही मुली आल्या आणि तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार आजारी, उपाशी, भेदरलेल्या मुलींना जगवायचे म्हणजे काय, हे आज एखाद्या रुग्णालयाच्या व्यवस्थापकाला विचारावे. पाणी, अन्न, कपडे, शुश्रूषा, शौचव्यवस्था, शाळा आणि काम, या सर्वांची घडी बसवावी लागली. दुधाचा धंदा, तेलाची घाणी, विणकाम, शिवणकाम, छपाई अशी अनेक कामे तेथे मुलीच करीत. पुरुषांच्या अत्याचाराला बळी पडलेल्या आणि समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी 'कृपा सदन' उभारले गेले. अंध मुलींसाठी वेगळी व्यवस्था झाली. रमाबाईंची कन्या मनोरमा हिने ब्रेल लिपी शिकून त्यांना वाचायला शिकवले. अपंगत्व आले म्हणजे माणूस निरुपयोगी झाला, असे मानण्याच्या त्या काळात, जवळजवळ बहिऱ्या झालेल्या बाईच्या संस्थेत अंध मुली बोटांनी वाचू लागल्या.

प्लेगच्या दिवसांत

१८९७ च्या प्लेगमध्ये रमाबाईंनी पुन्हा एकदा स्त्रीच्या शरीराच्या प्रतिष्ठेचा प्रश्न उपस्थित केला. साथ आटोक्यात आणण्यासाठी सरकारने कठोर उपाय योजले होते. घरांची झडती, लोकांची सक्तीची तपासणी, रुग्णांना वेगळ्या छावणीत हलवणे, या सर्वांत स्त्रियांच्या लज्जेचा विचार होत नाही, अशी तक्रार पुण्यात सर्वत्र होती. रमाबाईंच्या संस्थेतील एका मुलीच्या बाबतीत असाच कटू अनुभव आला. तेव्हा मुंबईच्या एका इंग्रजी ख्रिस्ती साप्ताहिकात त्यांनी मे १८९७ मध्ये पत्र लिहून प्लेग रुग्णालयातील स्त्रियांच्या अवस्थेवर कडक टीका केली. हे प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले. मुंबईच्या गव्हर्नरांनी आरोप नाकारले, रमाबाई मात्र आपल्या म्हणण्यावर ठाम राहिल्या.

राज्यकर्ते ख्रिस्ती आणि रमाबाईही ख्रिस्ती. त्यांच्या कार्याला मदत करणारे बहुतेक लोक विलायतेतले आणि अमेरिकेतले. तरीही सरकारविरुद्ध लेखणी उचलताना त्या कचरल्या नाहीत. १८८२ मध्ये त्यांनी स्त्रियांच्या संकोचामुळे उपचार होत नाहीत, असे सांगितले होते. १८९७ मध्ये त्यांनी उपचाराच्या नावाखाली स्त्रीचा अपमान होता कामा नये, असे सांगितले. या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या म्हणजे त्यांची भूमिका पूर्ण होते. स्त्रीने बोलले पाहिजे, आणि ती बोलेल असे विश्वासाचे वातावरण समोरच्याने दिले पाहिजे.

अखेरची वर्षे

उतारवयात रमाबाईंनी आणखी एक मोठे काम अंगावर घेतले. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ते केडगावातच स्त्रियांच्या हातून छापले गेले. श्रवणशक्ती आणखी मंदावली होती, प्रकृती वारंवार बिघडत होती, पण लेखणी थांबली नाही. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले.

संस्थेचा भार पुढे मनोरमा उचलेल, अशी सर्वांचीच अपेक्षा होती. मात्र जुलै १९२१ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, मनोरमेचे निधन झाले. आयुष्यात जवळच्या सर्वांना एकेक करून निरोप दिलेल्या रमाबाईंना हा शेवटचा आघात सोसावा लागला. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आतच, ५ एप्रिल १९२२ रोजी, श्वसनमार्गाच्या विकाराने केडगाव येथे त्यांनी देह ठेवला. भाषांतराचे काम त्यांनी पूर्ण करीत आणले होते. ते बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. १९८९ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. केडगावची संस्था आजही निराधार स्त्रिया आणि मुलांसाठी काम करीत आहे.

दौड पुढे कोठे जावी?

रमाबाईंच्या काळी स्तनांच्या कर्करोगावर आजच्यासारखे उपचार नव्हते. आज ते आहेत आणि आजार लवकर लक्षात आला तर तो बरा होण्याची शक्यताही चांगली असते. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा आजार झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने मृत्युमुखी पडल्या. भारतीय स्त्रियांत आढळणाऱ्या कर्करोगांत हा सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग आहे. आपल्याकडील अनेक रुग्ण आजार बळावल्यावरच डॉक्टरांकडे येतात. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. जे दुखत नाही ते दाखवायचे कशाला, आणि दाखवायचे तर कोणाला, या दोन प्रश्नांत महिने निघून जातात.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने केलेल्या एका दीर्घ अभ्यासाने दिले आहे. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात मुंबईतील वस्त्यांमधील ३५ ते ६४ वयोगटातील सुमारे दीड लाख स्त्रियांचा समावेश होता. त्यांतील निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षण दिलेल्या महिला आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी केली. महागडी यंत्रे नव्हती. २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या स्त्रियांत आजार तुलनेने लवकरच्या टप्प्यात सापडला. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या आजाराने होणारे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांच्या मृत्यूंत मात्र असा ठळक फरक दिसला नाही. स्त्रीला स्त्रीने तपासावे, ही १८८२ मधील मागणी आणि हा अभ्यास यांच्यातील नाते सहज दिसण्यासारखे आहे. तीस वर्षांवरील स्त्रियांची अशी तपासणी प्राथमिक आरोग्य सेवेतच व्हावी, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारनेही २०१६ मध्ये आखून दिली आहेत.

शिरूरहून न्हावरे, पारगावमार्गे भीमा ओलांडून चौफुल्याकडे येणारा रस्ता केडगावच्या जवळ येऊन पोहोचतो. एकेकाळचा हा दुष्काळी मुलूख आता दुतर्फा उसाने भरलेला आहे. साखर कारखाने आले, रांजणगाव आणि कुरकुंभला औद्योगिक वसाहती झाल्या. पहाटे उठून स्वयंपाक आटोपून शेतावर, गोठ्यात किंवा कारखान्यात कामाला जाणाऱ्या येथील स्त्रीला दौडीसाठी वेगळा वेळ काढणे शक्य नाही. तिची दिवसभराची धावपळ कोणी मोजतही नाही. शहरातील गुलाबी दौड तिच्यापर्यंत पोहोचायची असेल, तर ती उपकेंद्रातील परिचारिकेच्या आणि दारोदार फिरणाऱ्या आशा सेविकेच्या रूपानेच पोहोचेल. गावातल्या उपकेंद्रात आडोसा आहे का, तपासणारी बाई प्रशिक्षित आहे का, शंका आल्यास पुढच्या रुग्णालयात नेण्याची सोय आहे का, हे प्रश्न दौड आयोजित करणाऱ्यांनी आणि तीत भाग घेणाऱ्यांनी विचारायला हवेत.

रमाबाईंना स्वतः डॉक्टर होता आले नाही. कानांनी साथ सोडली, आप्त गेले, समाज विरोधात गेला. तरी ज्या स्त्रियांचे दुखणे कोणी विचारत नव्हते, त्यांच्यापर्यंत त्या पोहोचल्या. कधी पायी, कधी बोटीने, कधी आगगाडीने. केडगावच्या स्थानकावर आजही लोकल गाड्या थांबतात, शेकडो स्त्रिया चढतात-उतरतात. त्यांतील एखादीने आपल्या छातीतल्या गाठीविषयी या आठवड्यात कोणाला तरी सांगितले, तर त्या साक्षीचे सार्थक झाले असे म्हणता येईल.